चेल्यांची परीक्षा

हर्षदा खरमाटेबाईंच्या वर्गाची हिंगणदऱ्यात एक ख्याती होती. त्या वर्गात कुणाला काही समजलं नाही, असं आजवर घडलंच नव्हतं.

फळा आता काचेचा झाला होता, खडू केव्हाच हद्दपार झाला होता, पण बाईंची रीत जुनीच होती. गणित सोडवून झालं की त्या वर्गाकडे वळायच्या आणि विचारायच्या, "समजलं का सगळ्यांना?" लगेच अख्खी नववी एका सुरात गर्जायची, "होऽऽ बाऽई!" त्यातही पहिल्या बाकावरच्या ईश्वरी बंडगरचा 'हो' इतरांच्या किंचित आधी सुटायचा आणि सगळ्यांच्या नंतर थांबायचा. तो गजर ऐकला की बाईंना कसं भरून पावल्यासारखं वाटे. शेजारच्या वर्गात मुख्याध्यापक ऐवळे सर शिकवत असत, त्यांनाही ते ऐकू जाई आणि ते मनातल्या मनात म्हणत, बाईंचा वर्ग म्हणजे वर्ग आहे!

अशा या सुखी वर्गात जूनमध्ये लॅपटॉप आले.

लॅपटॉप काही नवलाईचे नव्हते. पोरांनी घरोघरी पाहिले होते, शाळेतही जुने चार-दोन धूळ खात पडले होते. पण आधीचे सगळे लॅपटॉप शहाणे होते. काहीही विचारा, उत्तर तयार. त्यांनी पोरांचं जे काही भलं केलं ते सगळ्या राज्यानं पाहिलं होतं. गृहपाठ झकास आणि डोकी रिकामी! म्हणून शास्त्रज्ञांनी या खेपेला उलटा डाव टाकला होता. हे लॅपटॉप अडाणी होते.

त्यामागचं विज्ञान सांगायला सोपं होतं, करायला मात्र महाकठीण. माणसाला एखादी गोष्ट सगळ्यांत पक्की केव्हा कळते, तर ती दुसऱ्याला शिकवावी लागते तेव्हा. मग प्रत्येक मुलाला स्वतःचा एक विद्यार्थीच का देऊ नये? शास्त्रज्ञांनी भाषा जाणणारी बुद्धिमान यंत्रं घेतली आणि त्यांच्यातलं गणित निवडून निवडून पुसून टाकलं. उरलं ते मराठी बोलणारं, चुणचुणीत, पण दोन अधिक दोन किती हेही न जाणणारं एक पोर. हे पोर फक्त आपल्या मालकाच्या, म्हणजे एकाच मुलाच्या, समजावण्यातून शिकायचं. नुसतं पाठ म्हणून दाखवलं तर त्याच्या डोक्यात काही शिरायचं नाही. एक कल्पना दुसरीला का जोडली जाते हे कुणी उलगडून सांगितलं, तरच त्याच्या आत ती कडी जुळायची. कडी जुळली नाही की त्यानं विचारायचं, "का?" सरकारी कागदात त्याचं नाव काहीतरी लांबलचक होतं. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, चेला!

आणि परीक्षेला आता मुलांनी बसायचं नव्हतं. चेल्यांनी बसायचं होतं. चेल्याला आलं, तर मुलाला आलं.

बाईंना यासाठी सांगलीला प्रशिक्षण मिळालं होतं. तिथल्या तज्ज्ञांनी पडद्यावर भराभर चित्रं दाखवली आणि विचारलं, "सगळ्यांना क्लिअर आहे ना?" दीडशे शिक्षक एका सुरात म्हणाले होते, "हो सर!" बाईंचा आवाज त्यात पुढे होता.

त्या प्रशिक्षणाहून बाई परतल्या त्याच आठवड्यात ऐवळे सरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. सरांचा चेहरा उतरलेला होता.

"बाई, वरून पत्र आलंय. आपली दहावी काही निघत नाही."

"निघत नाही म्हणजे? नववी आहे, मग पुढं दहावी नको?"

"पट कमी आहे म्हणतात. दिवाळीनंतर चेल्यांची तालुक्याला परीक्षा आहे. त्यात शाळेनं ठरलेली रेघ ओलांडली तर जूनपासून दहावी गावात. नाहीतर पोरांनी तालुक्याला जायचं."

तालुका चौदा मैल. पोरं कशीबशी जातील, कुणाच्या गाडीवर मागं बसून, टेंपोला लोंबकळून. पोरी जाणार नाहीत, हे सरांनाही ठाऊक होतं आणि बाईंनाही. ईश्वरीची आई मंगल द्राक्षबागेत कामाला जायची. तिनं तर वाटेत गाठून सांगितलंच होतं, "बाई, दहावी गावात असली तर माझी पोरगी शिकंल. तालुक्याला काय मी धाडत न्हाई. तिचा बा ऐकायचा न्हाई, अन् माझा बी जीव ऱ्हायचा न्हाई." बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "काळजी करू नका. माझ्या वर्गाला सगळं येतं."

आणि तसं दिसतही होतं. आपापल्या चेल्यापुढं बसून पोरं घसा कोरडा होईपर्यंत शिकवत होती. शिकवून झालं की चेल्याला विचारत होती, "समजलं का?" आणि चेला म्हणत होता, "होऽ बाई!" पोरांचे चेलेसुद्धा पोरांना "हो बाई" म्हणायचे, त्यावरून मधल्या सुट्टीत चिडवाचिडवी चालायची. शाळेच्या पडद्यावर रोज हिरव्या रेघा उमटायच्या. चेल्यांचं समाधान, शंभर टक्के! ऐवळे सर त्या रेघांकडे दसऱ्याच्या तोरणाकडे पाहावं तसे पाहत उभे राहायचे.

गणपतीनंतर सराव परीक्षा झाली. सगळ्या वर्गाच्या चेल्यांना मिळून जे गुण पडले, ते एका मुलालासुद्धा पुरले नसते.

ऐवळे सरांच्या तोंडचं पाणी पळालं. शाळा सुटल्यावर बाईंनी ईश्वरीला थांबवून घेतलं आणि तिच्या लॅपटॉपसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"शिकव बघू याला काहीतरी. मी बघते."

ईश्वरीनं ऋण संख्यांचा धडा घेतला. बाई बोलायच्या तसंच बोलली, बाईंसारखीच मधे बोट उंचावत. शेवटी तिनं विचारलं, "समजलं का?"

"होऽ बाई!" चेला म्हणाला. त्याचा हेल थेट नववीचा होता.

बाई पुढे वाकल्या. "काय समजलं?"

चेला म्हणाला, "सगळं, बाई."

"सगळं म्हणजे काय?"

"तुम्ही सांगितलं ते, बाई."

ईश्वरीला हसू आवरेना. बाईंनी डोळे वटारले, तशी ती चटकन गंभीर झाली.

"याला 'का' विचारायला शिकवलंय ना कंपनीनं? मग हा विचारत का नाही?"

"बाई, पयल्यांदा इचारायचा. लई इचारायचा. मग बंद झाला."

"आणि तू काही म्हणाली नाहीस?"

ईश्वरी गोंधळली. "बाई, समजलं का म्हटल्यावर हो म्हणायचं असतंय ना?"

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो प्रकाश काही सुखाचा नव्हता. त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, प्रशिक्षणात सांगितलं होतं की! चेला गणित एका मुलाकडून शिकतो, पण विद्यार्थी कसा असतो हे तो पहिल्या महिन्यात आख्ख्या वर्गाकडून शिकतो. आसपासची मुलं कशी वागतात, ते ऐकून. म्हणजे तो मुलांना आपल्यातलाच वाटावा म्हणून. तुम्हाला क्लिअर झालं होतं ना?"

त्या प्रश्नाला बगल देत बाईंनी विचारलं, "ते पुसता येईल का?"

"नाही मॅडम. जसं शिकला तसंच ते सुटेल. वर्ग बदलला तर चेला बदलेल."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गावर आल्या त्या कंबर कसूनच. "आजपासून कुणी उगीच हो म्हणायचं नाही. नसेल समजलं तर नाही समजलं म्हणायचं. समजलं का?"

"होऽऽ बाऽई!"

बाईंनी कपाळावर हात मारला. त्यांनी पुन्हा दटावलं, तेव्हा वर्गाला काय हवंय ते कळलं. पुढच्या गणितानंतर "समजलं का?" विचारताच अख्खी नववी त्याच सुरात, त्याच ठेक्यात गर्जली, "नाऽऽही बाऽई!" आठवडाभरात चेलेही तेच म्हणायला लागले. एक अधिक एक दोन, समजलं का? नाही बाई! हिरव्या रेघा लाल झाल्या. ऐवळे सरांनी पडद्याकडे बघणंच सोडून दिलं.

बाईंनी हात टेकले. खरं सांगायचं तर त्यांना रडू आलं होतं. आपण इतकी वर्षं एवढं जीव तोडून शिकवलं, त्याचं हेच का फळ, असं त्यांना वाटलं आणि पोरांचा रागही आला. मग लक्षात आलं, की राग पोरांवर काढून उपयोग नाही. पोरं बाईंना खूश करत होती. कालही आणि आजही.

कोंडी फुटली ती अगदी अवचित. बाई वर्गात फिरत होत्या. ईश्वरी आपल्या चेल्याला सांगत होती, "ऋण गुणिले ऋण बरोबर धन." नेहमीच्या सवयीनं चेल्यानं "नाही बाई" म्हटलं. ईश्वरीनं वैतागून वर पाहिलं.

"बाई, ह्याला कसं सांगू? ऋण गुणिले ऋण धन का हुतंय?"

"नियम आहे तो. लक्षात ठेवायचा."

"पर का?"

बाईंच्या वर्गात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बाईंचं तोंड उघडलं, पुस्तकातलं वाक्य जिभेवर आलं, आणि तिथंच अडलं. सातवीत असताना त्यांनी हा नियम घोकला होता. डी.एड.ला घोकला, पोरांकडून घोकून घेतला. का, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. काहीतरी गोल गोल सांगून वेळ मारून नेता आली असती. तसं त्यांनी पूर्वी केलंही असतं. पण ईश्वरी त्यांच्याकडे बघत होती, आणि जूनमध्ये ही पोर घरी बसेल हे बाईंना त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

"मला नाही समजलेलं," बाई म्हणाल्या. "खरंच नाही. का होतं ते मला माहीत नाही."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई खुर्ची ओढून बाकांमधेच बसल्या, पोरांच्या बाजूला, फळ्याकडे तोंड करून. "चला. कुणी सांगतंय का मला?"

त्या दिवशी कुणाला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण वर्गाचा नूर पालटला. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या नळावर, घरी जाताना सगळीकडे तोच विषय. बाईंना येत नाही आणि आपल्यालाही येत नाही, याची पोरांना गंमत वाटत होती. कुणीतरी पायऱ्या मोजत आलं, कुणी विहिरीचं उदाहरण आणलं. बाई प्रत्येकाचं ऐकायच्या आणि प्रामाणिकपणे म्हणायच्या, "इथपर्यंत समजलं. याच्यापुढं नाही." मग सांगणारा डोकं खाजवत जागेवर जायचा.

तिसऱ्या दिवशी ईश्वरी धावतच वर्गात आली. दप्तर न ठेवताच फळ्यापाशी गेली.

"बाई, माझ्या चेल्याचं चार्जिंग बघा. मिनिटाला दोन टक्क्यानं उतरायलंय. म्हंजे उणे दोन. आता पुढं तीन मिनटांनी किती? सहानं कमी. बरोबर?"

"बरोबर."

"आन् मागं गेलो तर? तीन मिनटांपूर्वी, म्हंजे उणे तीन. तवा किती हुतं?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "सहानं जास्त."

"मग! उणे दोन, उणे तीन, अन् सहा जास्त! उतरणारी गोष्ट मागं मागं बघत गेलं की वाढलेलीच दिसणार!"

बाई उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांचं काहीतरी घट्ट गाठीसारखं त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं, ते सुटलं होतं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी वर्गासमोर ईश्वरीचा गालगुच्चा घेतला. "समजलं," त्या म्हणाल्या. "आज समजलं मला!" मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. "बाई, मला न्हाई समजलं. मागं गेल्यावर उणे का?" आणि कुणीही हसलं नाही. ईश्वरीनं त्याला पुन्हा सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीच चेल्यांचा सूर बदलला. कुणी म्हणे, "हे समजलं, ते नाही." कुणी म्हणे, "थांब, परत सांग." आणि "का?" तर इतक्यांदा, की पोरांच्या नाकी नऊ आले. पडद्यावरच्या रेघा कधी हिरव्या, कधी लाल, कधी पिवळ्या, अगदी गोधडीसारख्या. ऐवळे सरांना त्यांचा अर्थ लागेना. बाईंना लागत होता.

परीक्षा तालुक्याच्या सभागृहात झाली. सगळ्या शाळांचे लॅपटॉप रांगेनं मांडलेले, आणि मुलं-मास्तर मागच्या खुर्च्यांवर. आपलं पोर परीक्षेला बसवून बाहेर थांबलेल्या आईबापांसारखी मुलांची अवस्था झाली होती. समितीच्या प्रमुख होत्या डॉ. देवस्थळी, गणिताच्या मोठ्या अभ्यासक, पांढऱ्या केसांच्या, कडक पण चेहऱ्यानं निर्मळ. यंत्रांची परीक्षा यंत्रांनीच तपासली, त्यामुळे निकाल जेवणानंतर लगेच लागला.

हिंगणदरा रेघेच्या खाली होतं. अगदी थोडक्यानं, पण खालीच.

"शेवटच्या प्रश्नानं घात केला," ऐवळे सर कुजबुजले. "त्याला गुण जास्त होते. आपल्या चेल्यांनी उलटा प्रश्नच विचारलाय, एकानंही उत्तर दिलं नाही. बाकीच्या सगळ्या शाळांनी दिलंय."

ईश्वरीनं ओढणीचं टोक दातात धरलं होतं. बाईंनी समोरच्या पडद्यावरचा प्रश्न वाचला. एका आयताकार शेततळ्याची परिमिती चौऱ्याऐंशी मीटर आहे. त्याच्या भिंती सरळ उभ्या असून खोली तीन मीटर आहे. तर त्यात किती पाणी मावेल? बाईंनी तो पुन्हा वाचला. मग त्या उठल्या.

"बाई, राहू द्या," सरांनी हलक्या आवाजात विनवलं. "वरच्या लोकांशी वाद नको."

साहेबांसमोर उभं राहून 'हो'खेरीज काही बोलायची बाईंच्या जिभेला सवयच नव्हती. तरी त्या व्यासपीठापाशी गेल्या.

"मॅडम, हा शेवटचा प्रश्न मला समजला नाही. तुम्ही सोडवून दाखवाल का?"

सभागृहात खसखस पिकली. गणिताच्या शिक्षिकेला नववीचं गणित येत नाही! डॉ. देवस्थळी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एक चौरस काढला. "चौऱ्याऐंशी भागिले चार, एकवीस. एकवीस गुणिले एकवीस, चारशे एक्केचाळीस. त्याला तीननं गुणलं की तेराशे तेवीस घनमीटर. सरळ आहे."

"तो चौरस कुठून आला, मॅडम?"

"म्हणजे?"

"प्रश्नात आयत म्हटलंय. तळं तीस मीटर लांब आणि बारा मीटर रुंद असलं तरी काठ चौऱ्याऐंशीच भरतो. पण मग पाणी मावेल एक हजार ऐंशी." बाईंचा आवाज आता ठाम झाला होता. "आमच्या चेल्यांनी कोरं सोडलेलं नाही. त्यांनी विचारलंय. तुमच्या यंत्रानं आकडा नाही म्हणून शून्य दिलं. त्यांनी काय लिहिलंय ते एकदा वाचा."

डॉ. देवस्थळींनी ईश्वरीच्या चेल्याचं पान उघडलं. ते सगळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत उमटलं. "पाणी किती मावेल हे मला सांगता येत नाही. काठ कळला, खोली कळली, पण लांबी-रुंदी कळली नाही. काठ तेवढाच ठेवून तळं लांबट केलं तर पाणी कमी मावतं. मग मी कुठलं तळं धरू?" त्यांनी दुसऱ्याचं उघडलं, तिसऱ्याचं उघडलं. शब्द वेगळे, प्रश्न तोच.

त्यांनी आपल्या टॅबवर मूळ प्रश्नपत्रिका काढली. तिथं प्रश्नाशेजारी तळ्याची आकृती होती, एकवीस मीटरची बाजू दाखवणारी. प्रश्न यंत्रांवर चढवताना ती गळली होती. बाकी सगळ्या चेल्यांनी, त्यांच्या सगळ्या गुरूंनी आणि खुद्द समितीनं न दिसणारी आकृती मनानं भरून घेतली होती.

डॉ. देवस्थळींनी फळ्यावरचा चौरस स्वतःच्या हातानं पुसला. "चूक आमची आहे," त्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "या प्रश्नाचं बरोबर उत्तर एकाच शाळेनं दिलं. हिंगणदऱ्याला या प्रश्नाचे पूर्ण गुण." मग त्यांनी मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं. "या चेल्यांना इतकं छान अडायला कुणी शिकवलं?"

ईश्वरी उभी राहिली. "आम्ही, मॅडम." आणि थोडं थांबून म्हणाली, "बाईंना बी आम्हीच शिकिवलं."

सभागृह हसण्यानं दणाणलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसल्या त्या खरमाटेबाई. नवा निकाल पडद्यावर आला तेव्हा हिंगणदरा रेघेच्या वर तर होतंच, सगळ्या शाळांच्याही वर होतं. जूनपासून दहावी गावात! ऐवळे सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. पोरांनी खुर्च्या बडवून असा काही गोंधळ घातला की शेजारच्या कचेरीतली माणसं धावत आली.

परतताना जीपमध्ये ईश्वरीनं बाईंचा फोन मागून घेतला आणि आईला लावला. मंगल बागेत होती. मागं बायकांची बोलणी ऐकू येत होती.

"आई, दहावी गावातच."

"काय?"

"गावातच! खरंच! आपल्या शाळंत!"

मंगलनं फोन तसाच हातात धरून अख्ख्या बागेला ओरडून सांगितलं. द्राक्षाच्या ओळींमधून बायकांचा एकच कल्ला उठला, तो जीपमध्ये सगळ्यांना ऐकू आला. पोरांनी इकडून ओरडून त्याला साथ दिली. ड्रायव्हरनंही हॉर्न वाजवून घेतला.

"बाई हायत का तिथं?" मंगलनं विचारलं. "दे फोन."

बाईंनी फोन कानाला लावला. "बोला, मंगलताई."

"बाई, हितं माझ्यासंगट तिघीचौघी पोरी कामाला हायत. आठवी-नववीतनंच बसल्यात घरी. त्यांच्या आया इचारत्यात." मंगल जरा घुटमळली. "त्यांना घ्याल का परत वर्गात?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

"घेते की," त्या म्हणाल्या. "जूनची वाट कशाला बघताय? उद्याच पाठवा."